शेजारणीची खिडकी आणि कुंडीतली उंच झाडं: काय घ्यायचं, कुठे ठेवायचं

आधीच सांगते, शेजाऱ्यांची नजर अडवायला कुंडीत झाडं लावायची या कामात पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात आणि मीही केलीच, ती म्हणजे रागाच्या भरात नर्सरीत जायचं आणि तिथे जे सगळ्यात उंच दिसेल ते उचलून घरी आणायचं. माझ्या घरामागे बसायची छोटी जागा आहे, फरशी घातलेली, एक खुर्ची, एक स्टूल, बास. आणि तिच्या बरोब्बर समोर शेजारच्या घराची पहिल्या मजल्यावरची खिडकी. त्या खिडकीत एक काकू असतात. नुसत्या असतात म्हणजे काय, ड्युटीवर असतात. मी पुस्तक घेऊन बसले की दहा मिनिटांत वरून आवाज, "काय गं, काल उशिरापर्यंत जागी होतीस वाटतं, लाईट चालू होता." त्यांना तोंडावर काही बोलायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही, म्हणून मी दोन आठ आठ फुटी फायकस आणले आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून उभे केले. संध्याकाळी खुर्चीत बसून वर बघितलं तर काकू जशाच्या तशा. झाडांच्या शेंड्यावरून सरळ माझ्या मांडीवरच्या पुस्तकात.

तेव्हा कळलं की उंची हा प्रश्नच नाहीये. शेजारणीची नजर कुठून निघते आणि तुमच्यापर्यंत कुठल्या रेषेत येते हा प्रश्न आहे आणि ती रेषा कुठे अडवायची हे ठरलं की मग झाड किती उंच पाहिजे ते आपोआप ठरतं.

हिशोब शाळेतला आहे, घाबरू नका. समजा ती खिडकी तुमच्यापासून १८ फुटांवर आहे आणि खिडकीत उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १३ फुटांवर. तुम्ही खुर्चीत बसला आहात, तुमचे डोळे साधारण ४ फुटांवर. आता झाड जर तिकडे लांब भिंतीजवळ, तुमच्यापासून १२ फुटांवर ठेवलं, तर नजरेची रेषा तिथे १० फुटांवरून जाते, म्हणजे १० फुटी झाड लागणार. तेच झाड तुमच्या खुर्चीपासून ३ फुटांवर आणलंत तर रेषा तिथे साडेपाच फुटांवर आलेली असते. त्यात दीड फूट तर कुंडीचीच उंची गेली. म्हणजे उरलं ४ फुटांचं झाड! जे दोघांनी धरून दारातून आत येतं आणि पहिल्या वादळात आडवं होत नाही. थोडा हात राखून पाच फुटी घ्या.

शेजारी वरून बघत असेल तर झाड आपल्याजवळ ओढायचं, हा सगळा खेळ एवढाच आहे. लोक उलटं करतात कारण भिंत दिसली की कुंडी भिंतीला टेकवायची सवय असते.

समोरचा समान पातळीवर असेल, बाल्कनीसमोर बाल्कनी वगैरे, तर मात्र झाड कुठेही ठेवा फारसा फरक पडत नाही, दोघं बसलेले असाल तर साडेचार फूट पुरतं, उभं राहून कपडे वाळत घालायचे असतील तर सहा फूट धरा. आणि शेजारी खालून बघत असेल तर झाड बाहेरच्या कडेला आणि खालपासून भरलेलं पाहिजे, तिथे उंचीचा काही उपयोग नाही (बाल्कनी असेल तर वजनाचं आणि लहान मुलांचं पुढे लिहिलंय ते आधी वाचा).

आकडे डोक्यात जात नसतील तर झाडूवाली टेस्ट करा. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी झाडू उलटा धरून तुमच्यासमोर तीन फुटांवर उभं करा, दांडा सरळ. मग त्याला दांड्यावरून हात हळूहळू वर न्यायला सांगा, हाताने खिडकीचा वरचा काठ झाकला गेला की "थांब" म्हणायचं आणि तिथे चिकटपट्टी लावायची. तसंच खालचा काठ झाकला जातो तिथे दुसरी चिकटपट्टी. जमिनीपासून दोन्ही मोजा. या दोन चिकटपट्ट्यांच्या मधला पट्टा तुम्हाला पानांनी भरायचाय, बाकी काही भरायचं नाहीये. माझा पट्टा निघाला साडेचार ते सहा फूट, फक्त दीड फूट, आणि त्यासाठी मी आठ आठ फुटांची झाडं आणली होती! ती जवळ ओढली तरी त्यांचा तो पट्टाच नेमका उघडा होता कारण त्या फायकसची खालची फांदीच सुरू होत होती सहा फुटांवर. (मुलाने झाडू धरला होता, त्याचा हात दुखायला लागला म्हणून तो मध्येच बसला आणि काकूंनी वरून विचारलं, जाळी काढताय का. असो.)

उभं राहून, फिरून, जिथे जिथे तुम्ही असता तिथे तिथे ही टेस्ट करा. तुम्हाला तिचे डोळे दिसत नसतील तर तिलाही तुमचे दिसत नाहीत. फक्त रात्रीचं गणित वेगळं, तुमच्याकडे लाईट आणि तिच्याकडे अंधार असेल तर पानांच्या फटींतून तुम्ही छान दिसता आणि तुम्हाला मात्र काही दिसत नाही, जाळीच्या पडद्यासारखंच. त्यामुळे रात्री बसायचं असेल तर डोक्यावरचा मोठा बल्ब बंद करून खाली ठेवलेला मंद दिवा बरा.

कुंडी आधी, झाड नंतर

उंच झाड म्हणजे मोठी कुंडी, त्याला पर्याय नाही, आणि मोठी कुंडी म्हणजे वजन. दीड फूट व्यास आणि दीड फूट उंचीच्या सरळ कुंडीत साधारण ७० लिटर माती मावते. नुसती बागेतली माती भरलीत आणि पाणी घातलंत की ती कुंडी १०० किलोच्या पुढे जाते, झाड वेगळं. अशा पाच कुंड्या ओळीने म्हणजे सात-आठ माणसं बाल्कनीच्या एकाच कडेला कायमची उभी, असा विचार करा. खाली जमीन असेल तर काही टेन्शन नाही. बाल्कनी किंवा गच्ची असेल तर बिल्डिंगच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय मोठ्या कुंड्यांची रांग लावू नका, आणि ठेवायच्याच तर बाहेर निघालेल्या टोकाला न ठेवता घराच्या भिंतीकडे ठेवा. इथेही परत तेच, झाड आपल्याजवळ ठेवलं की वजनाचाही प्रश्न निम्मा सुटतो.

माती हलकी करा. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, एक भाग माती, आणि मिळालं तर मूठ-दोन मूठ परलाईट (पांढरे हलके खडे असतात ते). वजन बरंच खाली येतं आणि मुळांना हवा मिळते. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे यांचा थर द्यायची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या, त्याने निचरा सुधारत नाही, पाणी मातीच्या आणि खडीच्या सीमेवर अडून बसतं आणि ओला थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा टाकला की झालं.

आकार महत्त्वाचा. खाली निमुळती होत जाणारी कुंडी दिसायला छान असते पण उंच झाडाला ती म्हणजे एका पायावर उभं राहणं, जरा वारा आला की लोळण. तळ रुंद असलेली, चौकोनी असेल तर आणखी छान कारण चौकोनी कुंड्या एकमेकींना चिकटून बसतात आणि मध्ये फट राहत नाही. वारा जास्त असेल तर दोन-तीन कुंड्यांच्या काठाखालून तार फिरवून त्या एकमेकींना बांधा, तीन बांधलेल्या कुंड्या पडणं जवळपास अशक्य असतं. मातीची कुंडी श्वास घेते पण लवकर सुकते आणि जड असते, फायबरची हलकी पण वाऱ्यात उडी मारते, प्लॅस्टिकची उन्हात दोन-चार वर्षांत तडकते. मी लांबट प्लॅन्टर घेतले, तीन फूट लांब, एक फूट रुंद, एकात तीन झाडं.

आणि घरात लहान मूल असेल तर हे नीट वाचा. कठड्याला लागून कुंडी ठेवली की ती त्याच्यासाठी पायरी होते. कठड्याची उंची कुंडीएवढी कमी झाली असं समजा. मूल असलेल्या घरात बाल्कनीच्या कठड्याजवळ कुंड्या नकोतच. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला लटकवणं तर कुणीच करू नका, खाली माणसं चालतात.

कुठलं झाड

हे तुमच्याकडे ऊन किती येतं त्यावर ठरतं, तुम्हाला काय आवडतं त्यावर नाही. एक दिवस सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी जाऊन बघा की जिथे झाड ठेवायचंय त्या जागेवर ऊन आहे का. सहा तासांपेक्षा जास्त म्हणजे भरपूर ऊन, तीन-चार तास म्हणजे मध्यम, नुसता उजेड म्हणजे सावली.

उन्हासाठी माझं पहिलं मत बांबूला. पण बांबू म्हणताना थांबा, बांबू दोन प्रकारचे असतात, एक बेटाने वाढणारा आणि दुसरा पळणारा. पळणाऱ्याची मुळं आडवी धावतात आणि त्याला कुंडीत कोंडलं तरी तो तळाच्या भोकातून बाहेर पडून जमिनीत शिरतो, मग तुमच्या शेजारणीच्या अंगणातही कोंब निघतील आणि मग भांडण नक्की. नर्सरीत विचारताना "बेटाचा आहे का" असंच विचारा, आणि रोपाच्या बुंध्याकडे बघा, काठ्या एकमेकींना चिकटून निघाल्या असतील तर बेटाचा, कुंडीच्या काठाकाठाने लांब लांब कोंब निघाले असतील तर ठेवून द्या तिथेच. बांबूची एक गंमत अशी की नवीन कोंब जेवढ्या जाडीचा जमिनीतून वर येतो तेवढ्याच जाडीचा तो कायम राहतो, आणि दोन-तीन महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठून मोकळा होतो, नंतर ती काठी वाढत नाही. त्यामुळे "अजून वाढेल" म्हणून वाट बघू नका, पुढच्या वर्षीचे कोंब जास्त उंच येतील, हीच काठी नाही. त्याला पाणी मात्र प्रचंड लागतं. उन्हाळ्यात एक दिवस चुकलात तर पानं गुंडाळून सुयांसारखी होतात, लगेच पाणी दिलं तर परत उघडतात, दोन-तीन दिवस चुकलात तर गेली. आणि पानं गळतात, वर्षभर थोडी थोडी, झाडायची तयारी ठेवा.

तीन वर्षांनी बांबू कुंडी भरून टाकतो. भरून म्हणजे इतकी की पाणी ओतलं तर वरच तळं साचतं. माझी एक प्लॅस्टिकची कुंडी अशीच एका सकाळी बाजूने उभी फाटलेली दिसली, आतून मुळांनी ढकलून. तेव्हा ते सगळं ढेकूळ बाहेर काढून लाकूड कापायच्या करवतीने मधोमध चिरावं लागलं, चाकूबिकूने होत नाही ते, अर्धं परत कुंडीत आणि अर्धं दुसऱ्या कुंडीत. झाड मरत नाही, घाबरू नका, पण हे काम दर तीन वर्षांनी आहे हे माहीत असू द्या.

बांबू नको असेल तर कामिनी. काही लोक तिला कुंती म्हणतात. बारीक चकचकीत पानं, पांढरी फुलं, वास असा की शेजारीण सुद्धा तक्रार करणार नाही. (करेल, पण मनातून नाही.) छाटणी सहन करते, खालपासून भरते, आणि पाच-सहा फुटांपर्यंत कुंडीत आरामात. वेग जरा कमी, त्यामुळे लहान रोप आणून वाट बघण्यापेक्षा चार फुटी भरलेलं आणा.

जास्वंद पटकन वाढते आणि फुलं देते पण तिला पिठ्या ढेकूण इतका आवडीने लागतो की दर आठवड्याला पानं उलटी करून बघावी लागतात, पांढरा कापूस दिसला की ओल्या फडक्याने पुसायचा आणि साबणाच्या पाण्याची फवारणी. ज्यांना रोज झाडांशी बोलायला वेळ आहे त्यांनी घ्यावी. बोगनवेल कमी पाण्यावर जगते, काट्यांमुळे कुणी हात लावत नाही, पण भरपूर ऊन लागतं आणि कधी कधी पानं टाकून नुसत्या काड्या उरतात, त्या काळात पडदा गेला. मोरपंखी ज्यांना आवडते त्यांनी एक लक्षात ठेवा, तिची हिरवी पानं फक्त बाहेरच्या कडेला असतात, आतलं लाकूड एकदा उघडं पडलं की तिथून परत फुटत नाही, म्हणून खोल छाटायची नाही आणि दोन मोरपंखी एकमेकींना घासतील अशा ठेवायच्या नाहीत. पोडोकार्पस म्हणून एक येतं, गडद हिरवं, लांबट पानं, सरळ उभं, अगदी शिस्तीतलं, ऊन आणि अर्धी सावली दोन्ही चालते. फक्त फार हळू वाढतं, त्यामुळे जेवढी उंची हवी तेवढंच विकत घ्यावं लागतं आणि ते खिशाला जाणवतं.

कण्हेर. वारा, ऊन, पाण्याची हयगय, सगळं सहन करते, बारा महिने हिरवी, पडद्यासाठी खरं तर एक नंबर. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, पान, फूल, खोड, चीक, सगळं, छाटलेल्या फांद्या जाळल्या तर धूरसुद्धा. लहान मुलं, कुत्रा, मांजर, गाय यांपैकी कुणीही जवळ फिरकत असेल तर नको.

सावलीसाठी निवड कमी आहे पण सोपी आहे. अरेका पाम सगळ्यांना माहीत असतो, एका कुंडीत बऱ्याच काठ्या, पानं कमानीसारखी बाहेर झुकलेली, एक झाड तीन फूट रुंदी झाकतं. त्याला दुपारचं कडक ऊन दिलं की पानं पिवळी पडून करपतात, आणि हवा कोरडी असली किंवा पाण्यात क्षार जास्त असले की टोकं तपकिरी होतात, ती कात्रीने तिरकी कापायची, झाडाला काही होत नाही. लेडी पाम त्याच्यापेक्षा दाट आणि जास्त सावलीत चालणारा, पण त्याचा वेग बघून माणसाचं वय वाढतं. रबर प्लांट मोठ्या जाड पानांचा, तीन खोडं एका कुंडीत लावलेला मिळाला तर छान झाकतो. बारीक पानांचा फायकस मात्र नाजूक स्वभावाचा, जागा बदलली की रुसून अर्धी पानं टाकतो, माझ्या त्या दोघांनी घरी आल्यावर पंधरा दिवसांत हेच केलं. तेव्हा काकूंचा वरून शेरा, "मेली का गं तुझी झाडं?" मेली नव्हती, जागा न हलवता पाणी बेताने देत राहिलं की दीड-दोन महिन्यांत परत फुटतात. फायकसचा चीक हाताला लागला तर काहींना खाज येते, छाटताना हातमोजे घाला. डंब केन, म्हणजे ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं ते, सावलीत छान उंच होतं पण पान चावलं तर तोंड आणि जीभ सुजते, मुलांच्या घरात नको.

जागा अगदीच कमी असेल, म्हणजे कुंडीला फूटभर जागा द्यायलाही जीवावर येतंय, तर झाड सोडा आणि वेल घ्या. लांबट प्लॅन्टरच्या मागे जाळी किंवा ट्रेलिस, म्हणजे वेल चढवायची पट्ट्यांची चौकट, उभी करायची, पण ती प्लॅन्टरला नुसती खोचायची नाही, पानांनी भरली की तिचं शीड होतं आणि वारा सगळं घेऊन जातो, जाळी भिंतीला किंवा खांबाला स्क्रूने पक्की करा. ऊन असेल तर मधुमालती, कृष्णकमळ, जाई. मधुमालती दांडगी आहे, तिला दर महिन्याला कापत राहावं लागतं. सावलीत मनीप्लांट, तो वर चढायला लागला आणि जाडसर ओलसर काठी मिळाली की त्याची पानं मोठी मोठी होत जातात.

नर्सरीत गेल्यावर

शेंड्याकडे बघू नका, तुमच्या त्या चिकटपट्टीच्या पट्ट्याकडे बघा. मी मोजपट्टी घेऊन जाते आणि कुंडीच्या तळापासून मोजते, नर्सरीवाले हसतात, हसू दे. त्या पट्ट्यात पानं दाट आहेत का, मागून हात धरला तर बोटं दिसतात का. बोटं पुसट दिसली तरी चालतं, पडदा शंभर टक्के बंद लागत नाही, पानं हलत असली की पलीकडचं चित्र तुटतं आणि माणसाला कंटाळा येतो बघायचा. सात फुटी लुकड्या झाडापेक्षा साडेचार फुटी गुबगुबीत झाड कधीही घ्या. लुकडं झाड म्हणजे ते नर्सरीत दाटीवाटीत उजेडासाठी ताणलेलं असतं, घरी आणल्यावर ते खालून भरत नाही.

रोप पिशवीतून किंचित उचलून बघा, मुळं तळाला गोल गोल वेटोळं घालून बसली असतील तर ते फार दिवस अडकलेलं आहे. घेतलंच तर लावताना ती वेटोळी बोटांनी सोडवा किंवा चार ठिकाणी उभी चीर द्या. पानांच्या मागे कोळ्याची बारीक जाळी, चिकट थर, काळी बुरशी दिसली तर दुसरं बघा. आणि एक, सावलीतल्या शेडमध्ये वाढलेलं झाड घरी आणून थेट उन्हात ठेवू नका, दहा-पंधरा दिवस रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या. मी पहिला अरेका आणला त्या दिवशीच बाहेर ठेवला, तिसऱ्या दिवशी पानांवर कागद जळल्यासारखे पांढरट डाग.

तीन वेगवेगळी झाडं घ्यावीत की एकसारखी पाच? माझं मत, मिसळून घ्या. एकसारख्या रांगेत एक मेलं की दात पडल्यासारखं दिसतं आणि कीड आली तर सगळ्यांना येते. दुसरं म्हणजे एकसारखी रांग ही भिंत वाटते, समोरच्याला कळतं की ही आपल्यासाठी उभी केलीये. वेगवेगळी झाडं असली की बागेची हौस वाटते. दोन मागे, एक पुढे, अशी नागमोडी ठेवली की फटी एकमेकींनी झाकल्या जातात, आणि मागून पाणी घालायला हात जातो. भिंतीपासूनही वीतभर सोडा, हवा खेळली नाही तर मागची पानं बुरशीने जातात.

झाडं भरेपर्यंत महिने जातात, त्या काळासाठी कर्दळ लावून टाका, दीड-दोन महिन्यांत चार-पाच फूट होते आणि पान चांगलं रुंद. किंवा जाळीवर गोकर्ण पेरा. ही तात्पुरती सोय आहे, थंडीत कर्दळ बसते, पण तोपर्यंत खऱ्या झाडांनी अंग धरलेलं असतं.

नंतरचं

पाणी ठरलेल्या वाराला घालू नका, बोट मातीत दोन पेरं खुपसून कोरडं लागलं की घाला, आणि घालाल तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. खालच्या ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नका, आठवडा-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात, आणि तुमच्या ट्रेमधलं पाणी खालच्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर टपकलं की एका शेजाऱ्याच्या जागी दोन होतील. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड, बास. हवी ती उंची आली की शेंडा खुडा, शेंडा गेला की झाड बाजूने फुटतं, आपल्याला तेच पाहिजे (फक्त पामचा शेंडा खुडू नका, ती काठीच मरते). लोकांना शेंडा तोडताना वाईट वाटतं, वाटू देऊ नका.

फांद्या तुमच्या हद्दीतच ठेवा. कटकट्या शेजाऱ्याला तुमच्या झाडाचं एक पान त्याच्या बाजूला पडलेलं पुरतं. त्यांच्या बाजूच्या फांद्या मी दर महिन्याला स्वतःहून कापते, त्यांनी बोलायच्या आत. आणि झाडं कशासाठी आणली असं विचारलं तर "आवडतात" एवढंच सांगायचं, जास्त खुलासा करायला गेलात की फसलात.

आवाजाचं मात्र झाडांकडून काही होत नाही. कुंड्यांची एक रांग आवाज अडवत नाही, सिगारेटचा वासही नाही. बांबूची सळसळ असली की बारीकसारीक बोलणं जरा बुजतं, पण वारा असला तरच. काकूंचा आवाज मला अजून पूर्ण ऐकू येतो.

शेवटची गोष्ट चाकांची. मोठ्या कुंडीखाली चाकांचा स्टँड घ्याच, वजन पेलणारा, लॉकवाला, कारण झाड हे सरकवावं लागतं, ऊन सरकतं आणि शेजारीही सरकतात. माझी झाडं छान भरली, पट्टा पूर्ण झाकला गेला, आठ दिवस शांतता. नवव्या दिवशी जिन्याच्या खिडकीतून हाक आली, "बरीच दाट झाली गं झाडं!" काकूंनी खिडकी बदलली होती. मी झाडू काढला, परत मोजलं, आणि मधला बांबू दीड फूट डावीकडे सरकवला, दोन मिनिटांचं काम. फक्त हलवून झाल्यावर लॉक लावायला विसरू नका, माझ्या मागच्या फरशीला पाणी जायला उतार आहे, मी विसरले, आणि सकाळी दार उघडलं तर बांबू दारात उभा.